दसऱ्याचा नारळ

बटन दाबलं तशी आत ‘चट्ट’ झालं. डब्ब्याच्या मागच्या जाळीतून करपल्याचा बारीक वास आला आणि समोरचा पडदा काळा तो काळाच राहिला.

सभामंडपात हरिपाठाला बसलेली वीस-पंचवीस माणसं गप्प झाली. मृदंगावर पडायची थाप हवेतच राहिली. मारोतरावांनी पुन्हा बटन दाबलं, वायर हलवून पाहिली, मनातल्या मनात विठ्ठलाला हाक मारली. डब्ब्याला दया आली नाही.

मंडळी, कॉम्प्युटर बंद पडणं ही काही जगबुडी नव्हे. तुमच्या घरी पडतो, माझ्याही घरी पडतो. पण बाभुळगावच्या पुढं, बेंबळा नदीच्या अंगाला असलेल्या या गावाचा सगळा जीव त्या एका डब्ब्यात होता. दिगंबरबुवांची तीनशे बारा कीर्तनं त्यात होती. बुवांनी चाळीस वर्षं या मंडपात निरूपण केलं आणि सहा वर्षांपूर्वी देह ठेवला. शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या मारोतरावांनी एकेक कॅसेट वाजवून त्यांचा आवाज डब्ब्यात भरला होता. कॅसेटींच्या फिती मागाहून बुरशीनं खाल्ल्या. आता बुवांचा आवाज दुसरा कुठंच नव्हता. पोरं पेनड्राईव्ह घेऊन यायची तेव्हा मारोतराव म्हणायचे, “इथं येऊन ऐका ना बाप्पा! देवाचं धन काय असं खिशात घालून फिरवायचं असते?”

“हे आपोआप नाई झालं,” मागून आवाज आला. गुणवंता उठून उभा राहिला होता. बोलायला लागला की थांबायचं कुठं हे त्याला कधी कळलं नाही. “सकायी पूजेच्या आंधी चंदाबाईनं याले हात लावलाता. वरतून झेंडूचं फूल ठेवलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं.”

“दसऱ्याच्या दिवशी? तिचा हात?” कोणीतरी म्हणालं.

चंदाबाई दाराशी बसली होती. पंधरा वर्षांपूर्वी कापूस वेचताना तिच्या नवऱ्याला साप चावला आणि ती विधवा झाली. तेव्हापासून ती रोज पहाटे हा मंडप झाडायची, समया घासायची, डब्ब्यावरची धूळ पुसायची आणि कीर्तनाला मात्र दाराशी बसायची. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. तिनं पदर सावरला आणि ती हळूच उठून गेली.

बोलायची वेळ तीच होती. मारोतरावांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सकाळ उभी राहिली. दसऱ्याची हत्यारपूजा. टाळ, मृदंग, माईक आणि शेवटी हा डब्बा. सगळ्यांना हळद-कुंकू वाहून झालं, आणि त्यांनी टेबलाच्या लोखंडी कोरेवर दणका देऊन नारळ फोडला. नारळ पाण्यानं भरलेला निघाला. पाणी उसळलं, डब्ब्यावर गेलं, मागच्या जाळीत झिरपलं. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं वरवर पुसलं. कोणाचं लक्ष नव्हतं.

त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. पण गप्प राहण्याला असतात हो! ते गप्प राहणं दुसऱ्या दिवशीच गावभर चालू लागलं. हातपंपावर चंदाबाईचा पाण्याचा गुंड कोणीतरी पायानं बाजूला सारला. दुपारी गुणवंताची बकरी मेली. सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, युरिया सांडला होता, तो तिनं खाल्ला होता. पण ते कोण बोलणार? तिसऱ्या दिवशी सकाळी चंदाबाईच्या चौकटीला काळ्या दोऱ्यात ओवलेली सात लिंबं लटकत होती. तिच्या अंगणातून बायका लेकरांना ओढून नेऊ लागल्या. आणि मग ठरलं, की कोजागिरीच्या सकाळी, बुवांच्या पुण्यतिथीला, पलीकडच्या गावचा भगत येणार, उडीद टाकून करणी करणारीचं नाव काढणार. “नाव निघालं की गाव मग...” हे वाक्य कोणी पूर्ण करत नव्हतं. अशाच एका बाईला कुठंशी खांबाला बांधलं होतं, ती गोष्ट बाजारात साऱ्यांनीच ऐकली होती.

मारोतरावांच्या बायकोनं, बेबीताईंनी, धुणं भिजवताना दुपट्टा उजेडात धरला.

“व्हय जी, हा एवढा चिकट काहून झाला? अन् कुंकू कायचं?”

“प्रसादाचं असन.”

“प्रसाद का दुपट्ट्यानं खाल्ला?” बेबीताईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. ते न विचारणं मारोतरावांना जास्त जड गेलं.

दिवस कलताना फाटकाशी चंदाबाई आली. आत पाऊल टाकलं नाही.

“दादा, तुमी तरी सांगा ना त्याईले. रोज पुसतो तशीच धूळ पुसली म्या. फूल ठेवलं, देवाचं यंत्र म्हणून. बुवा बोलतात त्याच्यातून.”

“पाहू,” मारोतराव म्हणाले.

“गुरुवारी पुण्यतिथी हाय, दादा.”

“पाहू म्हटलं ना!”

ती गेली. मागं वळून तिनं एकदा मंडपाकडं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी डब्बा पोत्यात बांधून ते एसटीनं यवतमाळला गेले. बसस्टँडमागच्या गल्लीत कलीमभाईचं दुकान. कलीमनं चहा सांगितला, स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत मेलेल्या मुंग्यांची रांग होती. जाळीपासून पॉवर सप्लायच्या पेटीपर्यंत, तिथून खाली, काळी बारीक रांग. मधे कुंकवाचे वाळलेले ओघळ. मारोतराव खुर्चीतच मागं सरकले.

कलीमनं बोटाला चिकटलेलं हुंगलं. “नारळाचं पाणी हाय हे, काकाजी. तुमी एकले नाई, दसऱ्यानंतर माही सुगीच असते. कोणी प्रिंटरवर तीर्थ शिंपडते, कोणी लॅपटॉपवर नारळ फोडते. पाणी वाळायच्या आंधी चालू केलं, की हे असं. कोणं फोडला?”

“आमच्याकडं एका बाईचा हात लागलाता...” आणि मारोतरावांनी सगळी हकीकत सांगितली. भगत, लिंबं, बकरी, सगळं. फक्त नारळ कोणाच्या हातात होता तेवढं गाळलं.

कलीम डिस्क सोडवता सोडवता ऐकत होता. मग त्यानं हातातला पेचकस ठेवला.

“काकाजी, मशीनच्या पोटात काय गेलं ते मले दिसते. झाकण काढलं का दिसते. माणसाच्या पोटातलं नाई दिसत. ते त्यानं सोताच सांगा लागते.”

मारोतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्याच फोडला, बाबू. पण हे माह्या गावात कोणाले सांगू नको. चाळीस वर्षं टाळ हातात हाय माह्या. लोकं पायावर डोकं ठेवतात.”

“म्या कायले सांगू? पण मले एक सांगा. उडीद टाकून तिचं नाव निघालं अन् लोकाईनं गोटे उचलले, तं तुमचा हात रिकामा राहीन काय? या गोष्टीले कायदा हाय, काकाजी, जेल होते. पण जेल सोडा. तुमी ज्या देवापुढं उभे राह्यता, तो तुमाले काय विचारीन? माहा अल्ला तं मले हेच विचारीन.”

मारोतरावांनी रिकामं पोतं उचललं आणि परतीची एसटी धरली. गावात जाऊन बोलायचं बळ अजून आलं नव्हतं.

बुधवारी फोन आला. मारोतराव धावतपळत गेले. कलीमनं डिस्कच्या खालची हिरवी पाटी भिंगाखाली धरून दाखवली. मोहरीहून थोडा मोठा एक काळा पुर्जा, मधोमध फुटलेला.

“हा पाहा. वाजवीपेक्षा जास्त करंट आला का हा सोता जळते अन् मागचं राखते. त्याचं कामच ते. एवढाच गेला होता. त्याले काढून डिस्क दुसऱ्या मशीनले जोडली. तीनशे बाराच्या तीनशे बारा हायेत, काकाजी!”

मारोतरावांना रडू आवरेना. “पुण्यतिथीचं लावतो ते, शेवटचं कीर्तन, ते लाव.”

बुवांचा आवाज त्या अरुंद दुकानात भरला. तोच भारदस्त, किंचित घोगरा आवाज, मागं टाळांचा ठेका. आरती झाली तसा मारोतरावांचा हात नेहमीप्रमाणं बंद करायला पुढं गेला. मंडपात ते नेहमी इथंच थांबवत. यापुढं नुसती गडबड आहे, असं ते लोकांना सांगत.

“राहू द्या ना,” कलीम म्हणाला. “शेवटपर्यंत चालू द्या, मधी कुठं तुटते का पाहू.”

आवाज पुढं गेला. भांड्यांचा खणखणाट, लोकांचं उठणं. मग बुवा: “बुक्का कोण लावते? नाई नाई, तुमी नाई. चंदाबाईले बोलवा.” कुजबुज उठली. कोणीतरी म्हणालं, “बुवा, ती कशी लावीन?” आणि बुवांचा आवाज चढला. “काहून? जे हात रोज देवाचं अंगण झाडतात, त्याईचा देवाले विटाळ होत नाई. विटाळ आपल्या मनाले होते! ये माय, लाव.”

पुढं खरखर. मग काहीच नाही.

त्या दिवशी माईक मारोतरावांनीच धरला होता. त्यांना सगळं आठवत होतं. चंदाबाईचा बुक्का लावणारा हात, उठून गेलेली चार घरं. ती घरं पुन्हा दुखावू नयेत म्हणून सहा वर्षं ते हे आरतीशी बंद करत आले होते. बुवांचा आवाज जपला, आणि बुवांचं म्हणणंच दाबून ठेवलं! डब्ब्यात पाणी दसऱ्याला गेलं. त्यांच्या मनातल्या मुंग्या मात्र सहा वर्षांच्या होत्या.

गुरुवारी सकाळी मंडपात शंभरावर माणसं होती. मधोमध भगत बसला होता. पुढ्यात कोरं सूप, उडीद, शेंदूर. चंदाबाई खांबाजवळ उभी होती, आणि खांबाच्या मागं कोणीतरी दोराचं वेटोळं आणून ठेवलं होतं. मारोतरावांची नजर त्या दोरावर पडली.

भगतानं मूठ भरली.

“थांबा!”

मारोतरावांनी पोतं सोडून तो डब्बा सुपाशेजारी ठेवला आणि झाकण काढलं.

“या, पाहा सारे. हे कुंकू पाहा, ह्या मुंग्या पाहा. हे नारळाचं पाणी हाय. नारळ कोणं फोडला? म्या! दसऱ्याच्या सकायी, याच टेबलावर! चंदाबाईनं धूळ पुसली फक्त. पाणी माह्या हातचं!”

“दादा, तुमी दबावात बोलून राह्यले,” गुणवंता म्हणाला. “अन् माही बकरी?”

“तुही बकरी युरियानं मेली, अन् तुले ते माहीत हाय! आपली चूक लपवाले तुले अन् मले एकच बाई भेटली का रे?”

मागून बेबीताई उठल्या. त्यांनी तो चिकट दुपट्टा धुतलाच नव्हता. तो आणून त्यांनी डब्ब्यावर टाकला आणि त्या चंदाबाईजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

मारोतराव बोलत राहिले. “या डब्ब्यात मोहरीएवढा एक पुर्जा होता. त्यानं सोताले जाळून बुवांचा आवाज राखला. अन् आपण? सोताले राखाले एका बाईले जाळाले निघालो! आता ऐका, बुवा काय म्हणत होते. म्या सहा वर्षं तुमाले ऐकू देलं नाई.”

कलीमनं सारी कीर्तनं भरून दिलेला पेनड्राईव्ह लाऊडस्पीकरला जोडला गेला. आरती झाली. या वेळी कोणी बंद केलं नाही. “ये माय, लाव,” असं बुवा म्हणाले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. भगतानं सूप कधी उचललं आणि तो कधी निघून गेला ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. दोराचं वेटोळंही तिथं नव्हतं. ज्यानं आणलं होतं त्यानंच ते गुपचूप नेलं.

मारोतरावांनी बुक्क्याची वाटी चंदाबाईपुढं धरली. “लाव, माय. अन् माफ कर.”

चंदाबाईनं वाटी घेतली नाही.

“लावीन, दादा. पण आंधी माह्या दारचे लिंबं काढा. तीन दिवस झाले, म्या त्याच्या खालून वाकून जाऊन राह्यलो.”

मारोतराव अनवाणी निघाले. मागं बेबीताई, त्यांच्या मागं पाच-सहा जण, आणि बऱ्याच अंतरावरून, खाली मान घालून, गुणवंता. सात लिंबं मारोतरावांनी आपल्या हातानं सोडवली. चौकटीला मारलेली आठवी गाठ मात्र घट्ट होती. ती गुणवंतानं सोडली. बांधलीही त्यानंच होती ना!

मग चंदाबाईनं साऱ्या गावाला बुक्का लावला.

आता ती तीनशे बारा कीर्तनं गावात ज्यानं मागितली त्याच्या घरी आहेत. एका जागी कोंडून ठेवलेलं धन एका नारळानं बुडतं, हे मारोतराव शिकले. आणि दसऱ्याचा नारळ मंडपाबाहेर पायरीवर फुटतो.

बंधू-भगिनींनो, यंत्राची पूजा जरूर करा, ते आपल्या भाकरीचं साधन आहे. फक्त त्याला कोरडं ठेवा, आणि मन ओलं ठेवा. आपल्या हातून झालेली चूक आपल्या तोंडानं सांगा. चूक बोलायला एक घटका पुरते. ती दाबली, तर तिचा दोर होतो, आणि तो नेहमी ज्याच्या मागं कोणी उभं नाही त्याच्याच गळ्याशी जातो. तुमच्या गावात, गल्लीत, ऑफिसात असं एखादं माणूस दाराशी बसलेलं असेल, तर आज त्याला आत बोलवा. भगताची वाट पाहू नका!