मनगटावरचा साफ फटका

टिलॉटसन मास्तरांच्या वर्गात काठी उचलण्याआधी एक शब्द शिकावा लागे: ‘लागली.’ फटका ज्याला बसला त्यानंच तो मोठ्यानं म्हणायचा, आणि मारणाऱ्यानं काठी खाली करून तो ऐकायला थांबायचं. पंच नाही, गुण मांडणारा नाही. लंडनच्या सोहो भागातल्या त्यांच्या तळघरात वकील, बँकेतले कारकून, एखादा पाद्री असे लोक आपापली फिरायला न्यायची काठी घेऊन येत आणि रस्त्यावरच्या गुंडांपासून तिनं जीव कसा वाचवावा ते शिकत. मास्तरांना मात्र गुंडांपेक्षा त्या शब्दाचंच कौतुक जास्त. ‘काठी काय, गाडीवानही फिरवतो,’ असं ते म्हणत. लागलेली कबूल न करणाऱ्याच्या हातात हॅट देऊन ते त्याला घरी पाठवत. एकदा एका बॅरिस्टरला पाठवलं होतं. ती हकिगत ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि दर खेपेला तो बॅरिस्टर थोडा आणखी जाडा होई.

एडविन लॅडब्रुक हा त्यांचा सगळ्यात तयार विद्यार्थी. चार वर्षं, आठवड्यातून दोनदा, एकही खाडा नाही. महिन्यापूर्वी क्लर्कनवेलच्या एका गल्लीत त्याला एका गुंडानं गाठलं आणि त्यात त्याचा डावा डोळा गेला. वर्गात बातमी आली ती अशी, की लॅडब्रुक घाबरला, काठी उचललीच नाही. मास्तरांचा विश्वास बसेना. आपण शिकवलेल्यात कुठे खोट राहिली, हे त्यांना त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. आणि खोट निघाली, तर ती आपली आहे हेही त्याला सांगायचं होतं. शनिवारी तो लंडन सोडून कायमचा नॉरिचला काकांकडे जाणार होता. म्हणून शुक्रवारी दुपारी ते द्राक्षं घेऊन त्याच्या बिऱ्हाडी गेले.

दार घरमालकीण मिसेस पेंगेलीनं उघडलं. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तुम्हीच का ते काठीवाले?”

“हो, मीच.”

“मग काठी इथेच ठेवा. वर एकच डोळा उरलाय.”

मास्तरांनी मुकाट्यानं काठी कोपऱ्यात ठेवली.

लॅडब्रुक खिडकीशी बसला होता. डोळ्यावर काळी पट्टी. “सर, एवढे जिने कशाला चढलात? गुडघा काय म्हणतोय?”

“शिव्या घालतोय. तू सांग, काय झालं? हात वर गेला नाही का?”

“गेला की. त्याच्याकडे चामडी पट्टा होता, हे एवढं पितळी बक्कल. मी मनगटावर दिली. इतकी साफ, सर, तुम्ही असता तर खूश झाला असता. पट्टा पडलाच त्याच्या हातातून.”

“मग?”

“मग मी काठी खाली केली.”

“का?” विचारता विचारताच मास्तरांना कळलं.

“तो म्हणेल म्हणून थांबलो.” लॅडब्रुक हसल्यासारखं करून म्हणाला, “तो कुठला म्हणतोय. त्यानं दुसऱ्या हातानं पट्टा उचलला. मी ते बघत होतो, सर. उभा राहून बघत होतो.”

मास्तरांनी हातातली द्राक्षं टेबलावर ठेवली.

“काकांना, सगळ्यांनाच मी घाबरलो म्हणूनच सांगितलंय. घाबरलेला माणूस लोकांना समजतो तरी. वर्ग कुठला आणि रस्ता कुठला, एवढं मला कळायला हवं होतं. चूक माझीच. तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हतं.”

ते खरं नव्हतं. ती सवय त्या मनगटाला कुणी लावली हे खोलीत बसलेल्या दोघांपैकी एकाला पक्कं ठाऊक होतं. समोरचा ‘लागली’ म्हणालाच नाही तर काय करायचं, हे मास्तरांनी वीस वर्षांत कुणालाच शिकवलं नव्हतं. वाक्य ओठांवर आलं होतं. पण पोरानं इतक्या अदबीनं सुटकेचं दार उघडून धरलं होतं, की मास्तर त्यातून निसटले.

“होतं असं,” ते म्हणाले. “गडबडीत.”

“हो, गडबडीत,” लॅडब्रुकनं लगेच री ओढली.

मग दोघं नॉरिचच्या दमट हवेबद्दल बोलले. निघताना लॅडब्रुकनं हात पुढे केला तो मास्तरांच्या हाताच्या वीतभर अलीकडेच थांबला. दुसऱ्यांदा केला तेव्हा जमलं.

सोमवारी वर्ग भरला. मास्तर म्हणाले, “आजपासून मारल्यावर थांबायचं नाही. दुसरा फटका मारायचा, तिसरा मारायचा. समोरचा पडेपर्यंत.”

कुणाचा खिसा कापायला सांगावं तसे सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. “आणि ‘लागली’ कधी म्हणायचं?” हॅव्हिलंड वकिलांनी विचारलं.

“म्हणायचं नाही. लॅडब्रुक घाबरला नव्हता. त्यानं साफ मारली आणि मी शिकवलं तसा थांबला. चूक माझी.” इतकं सहज आलं ते, की मास्तरांनाच नवल वाटलं.

“त्याला सांगितलंत हे?”

“शुक्रवारी गेलो होतो त्याच्याकडे.”

हॅव्हिलंड आयुष्यभर कोर्टात साक्षीदारांची उत्तरं ऐकत आलेले. ते हळूच म्हणाले, “नॉरिचचा पत्ता आहे माझ्याकडे. हवा असेल तर.”

“माझ्याकडेही आहे,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सरावासाठी जोड्या लावायला सांगितल्या.