कमरेत एक इंच

पॅन्ट उलटी करून तिने कमरपट्टी उसवायला घेतली, तशी खिशातून चार चॉकलेटं मशीनवर टपटप पडली. पिवळी, नारिंगी, चकचकीत कागदात गुंडाळलेली, चघळून खायची. पॅन्ट बाजूला ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

चार महिन्यांत ही पॅन्ट ती तिसऱ्यांदा कमरेत घेत होती. नवऱ्याला मधुमेह निघाला, त्या दिवशी डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि आहाराचं पत्रक हातात ठेवलं. गोळी त्याने घेतली, पत्रक हिने. त्याचं केस कापायचं दुकान, हिचं घरी शिवणकाम. एका घरात दोन कात्र्या, भांडण झालं तर वाचणार कोण, अशी गल्लीत चेष्टा चाले. आता तिसरी कात्री तिने त्याच्या ताटावर चालवली. पत्रकात लिहिलं होतं, भात अर्धा करा. तिने अर्धा केला. कंबर इंचभर उतरली, तसा तिला हुरूप आला. मग अर्ध्याचा पाव झाला, आणि महिन्याभरापासून दुपारचा भात बंदच. डब्यात काकडी आणि उकडलेली भाजी. दुसऱ्यांचं कापड बेतताना शिवणीसाठी इंचभर माया सोडल्याशिवाय कात्री न लावणारी बाई, पण इथे तिचा हात थांबेना. मापाला आलेल्या प्रत्येकीला ती टेप धरून दाखवी, "तीन इंच उतरलेत. औषधाने नाही हं, माझ्या हाताने."

आणि हा माणूस चॉकलेटं खात होता.

संध्याकाळी तो हात धुऊन जेवायला बसला, तेव्हा तिने ती चारही त्याच्या ताटात मांडली. समोरच्या खुर्चीवर ब्लाउजासाठी थांबलेली शेजारीण बसली होती, तिच्यादेखत.

"हे काय?"

"चॉकलेटं."

"ते मलाही दिसतंय. मी इथे जिवाचं रान करते आणि तुम्ही तिकडे पोरासारखे खिसे भरता?"

त्याने तोंड उघडलं. शेजारणीकडे एकदा पाहिलं आणि मिटलं.

"चुकलं," तो म्हणाला.

तेवढ्यावर तिचं समाधान झालं. उलट बोलला नाही, म्हणजे लाज आहे अजून. जेवण झाल्यावर तिने खुंटीवरच्या सगळ्या कपड्यांची झडती घेतली. शर्टाच्या खिशात आणखी दोन सापडली. सहाही तिने कचऱ्यात टाकली आणि त्या रात्री तिला छान झोप लागली.

तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, त्याच्या दुकानाशेजारचा औषधवाला त्याला दंडाला धरून घरी घेऊन आला. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं.

"घाबरू नका वहिनी. साखर एकदम उतरली होती. पाण्यात साखर घालून पाजलीय, आता बरे आहेत. मास्तरांची दाढी चालली होती, त्यांच्या कानाला जरा वस्तरा लागला. पट्टी लावून दिलीय मी." मग तो नवऱ्याकडे वळला. "पण दादा, तुम्हाला बजावून सांगितलं होतं ना? हात थरथरले की एक तोंडात टाकायचं. मी दिलेली चॉकलेटं गेली कुठे?"

"संपली," नवरा म्हणाला. तो भिंतीकडे बघत होता.

औषधवाला गेला. ती मशीनपुढच्या स्टुलावर बसली. तीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला खरचटलं नव्हतं. लोक त्याच्या हाताखाली डोळे मिटून घोरत. कानाखाली चार बोटांवर गळा असतो, हे तिच्या मनात आलं.

"कधीपासून होतंय असं?"

"झाला असेल महिना. दुपारी जरा जास्त."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगणारच होतो गं. पण तू एवढी खूश होतीस. गल्लीभर सांगत होतीस."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. निदान उलट काही बोलता आलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रोजच्या जेवणाचं विचारलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुपारचा भात बंद करायला कुणी सांगितलं? वर ही गोळी चालू. उपाशीपोटी या गोळीने साखर खाली जाणारच."

"मीच केला बंद," नवरा झटकन म्हणाला. "लवकर बारीक व्हायची हौस."

डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटं फैलावर घेतलं. या वयात कसली हौस, हातात वस्तरा असतो याचं तरी भान नको का? तो मान खाली घालून हो हो म्हणत होता. गोळी अर्धी केली, दुपारी वाटीभर भात न चुकता खायला सांगितलं. मग डॉक्टर तिच्याकडे वळले.

"बाई, जरा लक्ष ठेवत जा यांच्यावर."

"ठेवते," ती म्हणाली.

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. परतीच्या वाटेवर ती त्याच्या मागून चालत राहिली, शेजारी चालायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकान बंद करून घरी जेवायला आला. तिने वाटी भरून भात ताटात उपडा केला, वर डाळ घातली आणि बाहेरच्या खोलीत ताट त्याच्यापुढे ठेवलं.

"काल डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

"त्यांचं काय, त्यांना रोज कुणाला तरी ओरडायचंच असतं. तुला ओरडले असते, तर तू चार दिवस जेवली नसतीस."

तिला हसू आलं नाही. तो चमचा हातात धरून तसाच बसला होता.

"घ्या ना. निवतंय."

"एवढा सगळा?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

"ते सांगितलंय गं त्यांनी." त्याने वर पाहिलं. "पण तुला चालेल ना?"

पाणी आणते म्हणून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दाराकडे पाठ करून तिथेच उभी राहिली. बऱ्याच वेळाने बाहेर ताटाला चमचा लागल्याचा आवाज आला.