मंजुळेचे निरोप

अमडापूरच्या रंगरावाशी जयमालेचं लग्न लागलं, तेव्हा त्याची पहिली बायको मंजुळा काविळीनं जाऊन तीन वर्षं झाली होती. रंगराव माणूस भला. दारू नाही, शिवी नाही. पण बोलणंही नाही. सकाळी वांग्याच्या वावरात जायचा, दुपारी जेवायला यायचा, "भाकर वाढ" आणि "येतो" एवढं बोलून पुन्हा जायचा. जयमाला आपली दिवसभर भांड्यांशी बोलायची.

श्रावणातल्या एका दुपारी ती ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर केली, तर समोर पोपटी साडीतली बाई बसलेली. रंगरावाच्या मोबाईलवर जिचा फोटो होता, तीच. जयमालेच्या हातातली जुडी सुटली. बाई हळूच म्हणाली, "घट्ट बांध. बाजारात सुटते." आणि जागा रिकामी झाली.

संध्याकाळी तिनं भीत भीत नवऱ्याला सांगितलं. वाटलं, रागावेल, नाहीतर अंगारे-धुपारे करायला नेईल. रंगराव पाय धुता धुता थांबला. जवळ येऊन बसला.

"काय बोलली? पुन्हा सांग."

मंजुळा मग आठ-पंधरा दिवसांनी यायची, एखादं वाक्य बोलून जायची. रंगरावाला मात्र ती कधी दिसली नाही. तो वावरातून लवकर परतू लागला. समोर मांडी घालून विचारायचा, "आज आली होती?" लग्न झाल्यापासून त्यानं जयमालेच्या तोंडाकडे इतकं कधी पाहिलं नव्हतं. पाहतो आपल्याकडे, शोधतो दुसरीला, हे तिला कळत होतं. तरी त्या अर्ध्या तासासाठी ती दिवस काढायची.

दिवाळीनंतर मंजुळा यायची थांबली. महिनाभर जयमालेनं "नाही आली" सांगितलं आणि रंगराव पुन्हा मुका झाला. मग तीच निरोप रचू लागली. "पाठीले तेल लावत जा, म्हने." "उन्हात टोपी घालत जा, म्हने." एक दिवस धीर करून बोलली, "जयमालेले बी कव्हा जत्रेले नेत जा, म्हने."

रंगराव मांडी मोडून मागं सरकला.

"कव्हापासून तूच बोलून राह्यली?"

"दोन महिने झाले."

"म्हंजे ती गेली."

"हाव."

"मले एकडाव बी काऊन नाही दिसली?"

तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं लवकर येणं बंद झालं. चार दिवस तिनं पाहिलं. पाचव्या दिवशी टोपलं घेऊन स्वतःच वावरात गेली. तो वांगी तोडत होता. ती शेजारच्या ओळीला लागली. देठाच्या काट्यांनी बोटं ओरबाडली. दिवस कलला तसा तो उठला, पाण्याची कॅन तिच्या ओळीच्या तोंडाशी आणून ठेवली आणि पुढच्या ओळीला गेला.