वीतभर वर

टॉवर क्रेन चालवणाऱ्या त्या माणसाला खालचे सगळे आभाळराव म्हणत. चौऱ्याऐंशी मीटर उंचीवर, काचेच्या केबिनमधल्या एका खुर्चीवर तो नऊ वर्षं बसत होता. शिडीने चढायलाच वीस मिनिटं लागायची, म्हणून एकदा वर गेला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाव नाही. खाली दोनशे माणसं खपायची आणि त्यांच्या डोक्यांवरून दिवसभर त्याची ओझी फिरायची. इतक्या वर्षांत खिळासुद्धा पडला नव्हता. त्याला या गोष्टीचा माज होता, आणि का नसावा?

खाली उभं राहून इशारे देणारा माणूस त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांची जोडी अशी जमली होती की वायरलेसवर बोलायची वेळ क्वचितच यायची. सळ्यांचा भारा खाली येताना आभाळराव तो जमिनीपासून वीतभर वर थांबवायचा. तेवढ्यात मेहुणा भाऱ्याखालचा लाकडी ठोकळा हाताने नीट सरकवायचा, हात काढायचा आणि मान हलवायचा. मग ओझं टेकायचं. नियमात हे बसत नव्हतं. नियमाप्रमाणे काठी वापरायची आणि दर वेळी हाताने पुरता इशारा करायचा. पण काठी शोधणार कोण? नऊ वर्षांत दाजी एकदाही थांबायला चुकले नव्हते.

मग एका सकाळी, काही कारण नसताना, वर बसल्या बसल्या आभाळरावच्या छातीत धडधडायला लागलं. तळहात ओले झाले, श्वास पुरेना. हुकाला दोन टन लोखंड लटकलेलं आणि याची पाचावर धारण बसलेली! कसंबसं ओझं उतरवून तो डोळे मिटून बसून राहिला. त्या आठवड्यात हे आणखी दोनदा झालं. तेव्हा तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको.

बाईंनी रात्री घ्यायची गोळी दिली. "महिनाभर धीर धरा. सुरुवातीला सुस्ती येईल, तोवर वर चढू नका. कामावर सांगा, खालचं काम मागून घ्या. आणि दारू बंद म्हणजे बंद. या गोळीवर प्यायलात तर दुसऱ्या दिवशी डोळे उघडे असतील, पण तुम्ही त्यामागे नसाल."

गोळीने हळूहळू गुण दिला. दारूही सुटली. कामावर सांगणं मात्र त्याला जमलं नाही. पलीकडच्या क्रेनवरच्या एकाने साहेबांना खरं सांगितलं होतं, 'मला वर भीती वाटते' म्हणून. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, 'बरं झालं सांगितलंस' म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्टोअरमध्ये स्टुलावर हातमोजे वाटायला बसवलं. दोन वर्षं झाली, अजून वाटतोय. येणारा-जाणारा त्याला विचारतो, 'काय, इथं भीती नाही ना वाटत?' आभाळरावनेही एकदा विचारलं होतं. आता ते आठवलं की त्याला स्वतःचीच शरम वाटायची. पण त्या स्टुलावर बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असंही वाटायचं. म्हणून सुट्टी काढून पहिले आठ दिवस घरी काढले आणि पुन्हा वर चढला. गोळ्यांचं फक्त बायकोला ठाऊक होतं. तिला त्याने मुलांची शपथ घातली होती.

चार महिने सुरळीत गेले. मग फोरमन निवृत्त झाला आणि त्याने संध्याकाळी सगळ्यांना पार्टी दिली. आभाळराव गार पाण्याचा ग्लास धरून कोपऱ्यात उभा. याआधी दोनदा त्याने पित्ताचं कारण सांगितलं होतं, एकदा दाढेचं. आता कारणंही संपली होती.

"काय आभाळराव," फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला, "बायकोनं बंद केलीय की डॉक्टरनं?"

सगळे हसले. डॉक्टर शब्द ऐकून याने घाईघाईने पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात मेहुण्याने ग्लास भरून पुढे केला. "घ्या दाजी. उगाच यांना बोलायला जागा कशाला?"

आभाळरावने घेतला. पहिला तोंडं बंद करण्यासाठी, दुसरा फोरमनच्या प्रेमाखातर आणि तिसरा, खरं सांगायचं तर, बऱ्याच दिवसांनी छान वाटत होतं म्हणून. मेहुणा खूश होऊन त्याच्या पाठीवर थापा मारत होता.

घरी बायकोला वास आला. "आता गोळीचं काय करायचं? बाईंना फोन करून विचारा तरी."

"काय विचारू? प्यायलो म्हणून सांगू? मला कळतं," तो म्हणाला आणि गोळी घेऊन झोपला.

सकाळी फाटकावर नेहमीसारखं श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायचं होतं. त्याने फुंकलं. यंत्राने शून्य दाखवलं. त्याला इतकं हायसं वाटलं की आपलं डोकं ओल्या गोधडीसारखं जड झालंय, हे तो साफ विसरला. यंत्राला दारूचा वास कळतो. दारू आणि गोळी यांनी मिळून रात्रभर डोक्यात काय घोळ घातलाय, ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? पण आभाळरावला कळत होतं. शिडी चढताना दोनदा पाय चुकला, तेव्हा तरी नक्कीच कळलं होतं. तरीही तो चढला.

पहिले दोन भारे नीट उतरले. तिसरा उतरत असताना त्याने डोळे मिटले नव्हते, हे तो शपथेवर सांगेल. हुकाजवळच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला भारा दिसत होता, मेहुणा वाकलेला दिसत होता. फक्त थांबायचं राहून गेलं. मग वायरलेसवर किंकाळी आली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दुपारी हॉस्पिटलात सेफ्टी ऑफिसर कागद घेऊन आला. मेहुणा पलंगावर, उजव्या हाताला भलंमोठं बँडेज. त्याची बहीण, म्हणजे आभाळरावची बायको, उशाशी बसलेली. आभाळराव भिंतीला टेकून उभा. ऑफिसरने विचारायच्या आतच मेहुणा म्हणाला, "चूक माझी. काठी न वापरता हात घातला. इशारा दिलाच नाही."

ऑफिसर खूश झाला. क्रेनवाल्याचं यंत्र शून्य, काठीचा नियम लेखी, कंपनी मोकळी. त्याने भराभर लिहून घेतलं, मेहुण्याचा डावा अंगठा उठवला आणि नक्कल काढायला बाहेर गेला.

दार लागताच आभाळरावचा बांध फुटला. "अरे, चूक तुझी नाही. मी गोळ्या घेतो. चार महिने झाले. काल त्यावर प्यायलो. त्याला बोलाव, मी सगळं सांगतो."

"गोळ्यांचं ठाऊक आहे मला," मेहुणा म्हणाला. "ताईनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

आभाळरावने बायकोकडे पाहिलं. ती रडत होती. "खाली तोच असतो ना तुमच्या," ती म्हणाली. "त्याला न सांगून कसं चालेल?"

"ठाऊक होतं, तरी पाजलीस मला?"

"मला वाटलं, तुम्ही पुन्हा चारचौघांत बसलात, प्यायलात, म्हणजे बरे झालात." मेहुणा आपल्या बँडेजकडे बघू लागला. "आनंद झाला होता हो मला. दारूनं असं होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं."

ते ज्याला माहीत होतं, तो भिंतीला टेकून उभा होता.

"मी सांगतोच," आभाळराव दाराकडे वळला.

"दाजी!" मेहुणा ओरडला. "मला आता कोण काम देणार? उद्यापासून दोन्ही घरं तुमच्यावर. तुम्हाला काढलं तर खायचं काय? माझी बोटं परत येणारेत का?"

बायकोने भावाचा डावा हात घट्ट धरला.

दार उघडलं. ऑफिसरने नक्कल पुढे केली. "साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. वरून तुम्हाला सगळं स्पष्ट दिसलं असेलच. कुणाची चूक होती?"

"त्याची," आभाळराव म्हणाला आणि पेन मागितलं.