पूर्णांकाचा घोळ

वहिनी दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची. तिला भांडारातली जागा हवी होती, आणि खात्याच्या परीक्षेतलं गणित काही सुटत नव्हतं. मागच्या खेपेला थोडक्यात गेलं. उद्या पुन्हा पेपर. म्हणून नाक मुठीत धरून तिने नणंदेला बोलावलं. नणंद शिकवण्या घ्यायची. स्वतःच्या सोडून साऱ्या जगाच्या चुका तिला तोंडपाठ.

"क्षचा उणे दोनावा घात, अधिक पाच. बहुपदी आहे?"

"आहे."

नणंदेने कपाळाला हात लावला. "घातांक उणे आहे, दिसत नाही का?"

"वन्सं, तुम्हीच सांगितलंत, घातांक पूर्णांक हवा. उणे दोन पूर्णांकच की."

"मी पूर्ण संख्या म्हटलं असेन. शून्य, एक, दोन, अशा पुढे. पूर्णांकात उणेही येतात."

"असेन नाही. पूर्णांकच म्हणालात. मागच्या पेपरात मी तेच लिहून आले."

नणंदेला अचानक तहान लागली. ती पाणी पिऊन येईपर्यंत वहिनी धुमसत बसली. एका शब्दापायी आणखी एक वर्ष वाफेत काढलं होतं तिने.

"झालं ते झालं," नणंद परत येत म्हणाली. "पाचाचं वर्गमूळ गुणिले क्ष?"

"नाही. वर्गमूळ आहे."

"बहुपदी आहे, वहिनी. वर्गमूळ पाचावर आहे, क्षवर नाही. क्ष वर्गमुळात शिरला की त्याचा घातांक अर्धा होतो, छेदात गेला की उणे. तेवढं चालत नाही. आकड्याला सगळं माफ."

वहिनीने पेन्सिल आपटली. "म्हणजे आकड्याने वाटेल तसं वागावं, आणि नियम फक्त क्षला?"

"हो."

"मग सरळ सांगायचं ना. आकडा म्हणजे नणंद, क्ष म्हणजे सून."

नणंदेने ती पेन्सिल उचलली. बरोबर उत्तरावर फुली मारायची सोय नव्हती.

"नुसता सात?" तिने घुश्शात विचारलं.

"बहुपदी. सुनेचा घात शून्य, नणंदेचं एकटीचं राज्य."

"तीन भागिले क्ष?"

"सून खाली दडपलेली. नाही."

यानंतर वहिनी एकदाही चुकली नाही, आणि त्याचाच नणंदेला जास्त राग आला. चपला घालताना तिने बजावलं, "उद्या लक्षात ठेव. पूर्ण संख्या."

"मी विसरत नाही, वन्सं," वहिनी म्हणाली. "मागच्या वेळी तोच तर घोळ झाला."