डावखुऱ्यांचा सिनेमा

सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवतात, हे आगरदांड्याच्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. जेवतात डाव्या हातानं, ओवाळतात डाव्या हातानं, आणि तिथल्या बायका पदरही उजव्या खांद्यावरून घेतात. शहरगावची तऱ्हाच वेगळी, असं म्हणून त्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं.

याला कारण दिनानाथचा तंबू. भातं कापून झाली की दरवर्षी तो आपलं सिनेमाचं मशीन खाडीपलीकडून येणाऱ्या तरीतून उतरवायचा आणि धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकायचा. तंबूच्या मधोमध पांढरं कापड. मशीन आणि पुरुषमंडळी एका अंगाला, बायका कापडाच्या पलीकडे. खेळाआधी कापडावर पाणी शिंपडलं की चित्र आरपार उमटायचं. पुरुषांची नजर नाही, बिड्यांचा धूर नाही, तिकीटही निम्मं, त्यामुळे बायका खूश होत्या. पलीकडून पाहिलं की उजवं ते डावं दिसतं, हे त्यांना कोण सांगणार? पुरुषांना वाटे, आपल्याला दिसतं तेच बायकांना दिसत असेल. घरी येऊन कुणी हाताची चर्चा करत नसे.

तर या डाव्या हातापायी सगुणाच्या नशिबी सहा वर्षं वनवास आला होता, आणि तो दिला होता तिच्या भावजयीनं, गोदूबाईनं.

गोदूबाई वाईट नव्हती. हट्टी होती. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी काढू शकत नसे. देश स्वतंत्र झाला त्या साली दिवाळीच्या सुमारास तिची थोरली नणंद सगुणा एक पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईहून परत आली. पंधरा वर्षांपूर्वी मावशीबरोबर गेलेली, मधे ना निरोप ना सांगावा. भावाला, बाबाजीला, ती एवढंच म्हणाली, "सिनेमात काम करीत व्हते. आता कुनी काम देत न्हाय." बाबाजी म्हणाला, "बरं," आणि ट्रंक आत नेली. गोदूबाईनं मात्र पहिल्याच जेवणाला नणंदेच्या ताटावर नजर ठेवली. सगुणा उजव्या हातानं जेवली.

झालं. गोदूबाईच्या लेखी निकाल लागला. बाई सिनेमातली नाही. मग खोटं का सांगते? खरं सांगण्यासारखं नसेल म्हणून. आणि मुंबईत एकट्या बाईला सांगण्यासारखं नसलेलं काम कोणतं, हे कळायला फार शहाणपण लागत नाही, असं गोदूबाईचं मत होतं. तिनं नणंदेला दोन वेळचं जेवायला घातलं, आजारपणात काढे पाजले, पण एकदाही 'वन्सं' म्हणून हाक मारली नाही. बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून, "कुनीतरी पानी भरा रं," असं म्हणायची. सगुणा मुकाट्यानं हंडा उचलायची. आल्यापासून ती चिखलात भात लावत होती, खळ्यावर झोडपत होती, आणि कशाबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

सगुणा यायच्या आधीचे दोन मुलगे होते; सहाव्या वर्षी घरात मुलगी आली. बाराव्या दिवशी पोरीला ताप होता, म्हणून बारसं सव्वा महिन्यावर गेलं. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात नाव सांगायचं तिनं, आणि मग बायकांचे बुक्के पाठीत खायचेही तिनंच. गोदूबाईनं त्यासाठी दिघीहून चुलत नणंद रंगू हिला बोलावणं धाडलं.

"सख्खी आत्या घरात असताना?" बाबाजीनं विचारलं. तो सहसा विचारत नसे.

"माज्या लेकीच्या कानात पयलं नाव कुनाच्या तोंडचं जावं, ते मी ठरवीन."

अंगणात सगुणा तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

त्याच आठवड्यात दिनानाथचा तंबू आला. धक्क्यावरून मासळी घेऊन सगुणा परतली ती तडक चुलीपाशी आली. तिचा चेहरा उतरला होता की उजळला होता, गोदूबाईला कळेना.

"गोदू, तंबूत माजं चित्र लागलंय. जुनं हाय. बगायला चल. बगून झाल्यावर तुला वाटलं, तरच मला नाव ठेवू दे. न्हाय वाटलं तर मी पुन्यांदा इचारनार न्हाय."

सहा वर्षांत सगुणा पहिल्यांदाच एवढं बोलली होती. गोदूबाईला नाही म्हणवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला सिनेमा बघायचा होताच.

बातमी गावभर झाली. त्या संध्याकाळी कापडाच्या मागे मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारची मनुबाई तर घरचा पाट घेऊन आली. गोदूबाई पोरीला मांडीवर घेऊन पुढे बसली. सगुणा मागे, डोक्यावरून पदर ओढून.

चित्रात एक कोळ्याची पोर होती. गाणं म्हणत शहरात जाते, नाटकात उभी राहते, लोक टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतात. मग मोटार, हिऱ्यांच्या कुड्या, दारात हारवाल्यांची रांग. बाई दिसायला देखणी होती, पण तोंडावर इतकी रंगरंगोटी की ती सगुणा की आणखी कोण, सांगणं कठीण. बायका एकदा पडद्याकडे बघत, एकदा मागे.

मग गाडं फिरलं. बाईचा आवाज बसला. मालकानं दुसरी आणली. एके दिवशी ती त्याच थिएटरवरून जात असते, आणि भिंतीवर तिच्या जुन्या चित्रावर एक माणूस नव्या बाईचं चित्र चिकटवत असतो. ती उभी राहून बघते. खळ सुकेपर्यंत बघते.

शेवटी ती एका खोलीत भाकरी खायला बसते. आता चेहऱ्यावर रंग नाही, आणि हनुवटीवर एक वण स्पष्ट दिसतो.

"वण! सगुनाचा वण!" मागून कुणीतरी ओरडलं. लहानपणी सगुणा कालवं काढताना खडकावर पडली होती आणि हनुवटी फाटली होती, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आठवत होतं.

"व्हय, पन कंच्या बाजूला?" मनुबाईनं पाटावरून निवाडा दिला. "सगुनाचा उजवीकडं. हिचा डावीकडं हाय. आनि जेवतेय बग डाव्या हातानं. ही आपली न्हवं."

बायका वळून सगुणाकडे बघू लागल्या. कुणी हसलं. सगुणानं पदर आणखी पुढे ओढला. गोदूबाईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या पडद्यावरच्या बाईचं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसणं तिला कुठेतरी लागलं होतं.

एवढ्यात मांडीवरच्या पोरीनं भोकाड पसरलं. गोदूबाई तिला खांद्यावर टाकून बाहेर पडली आणि थोपटत थोपटत तंबूला वळसा घालून पुरुषांच्या दाराशी आली. दारावरचा पडदा वाऱ्यानं उडत होता. आत डोकावणं बरं नव्हे, हे तिला माहीत होतं. तिनं डोकावलं.

कापडावर तीच बाई, तीच भाकरी. पण हात उजवा. पदर डाव्या खांद्यावर, आपल्यासारखाच. आणि वण हनुवटीच्या उजव्या बाजूला.

गोदूबाईला आधी काही उमगेना. ती तशीच धावत बायकांच्या दाराशी गेली, आत पाहिलं. वण डावीकडे. परत पुरुषांच्या दाराशी. उजवीकडे. दिनानाथ हसून म्हणाला, "वहिनी, दोनी बाजू बघनार तर दोन तिकिटं पडतील हो." तिला हसू आलं नाही. सहा वर्षांची एकेक घागर, एकेक हंडा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी जाताना दोघी पुढेमागे चालत होत्या. वाडीच्या कुंपणापाशी गोदूबाई थांबली.

"तिकडं समदं उलटं दिसतं. तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग तिथंच का न्हाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं?" सगुणानं शांतपणे विचारलं. सगुणाच पुढे म्हणाली, "आनि खरं सांगू का, मला बी बगवलं न्हाय. त्या भाकरीपाशी मी खरीच रडले व्हते गं. त्या वक्ताला घराची याद आली व्हती."

सोमवारी बारसं झालं. दिघीहून रंगू आली, गोदूबाईनं तिला मानानं पाटावर बसवलं आणि हातात पानसुपारी दिली. पाळण्यापाशी सगळ्या जमल्या तशी गोदूबाईनं माजघराच्या दाराकडे वळून हाक मारली, "वन्सं, या. तुमची भाची वाट बगतेय."

बायका कुजबुजू लागल्या. गोदूबाईनं तिथल्या तिथे सगळं सांगितलं. मनुबाईला ते मुळीच पटलं नाही. "म्हंजी आमी इतकी वर्सं उलटाच शिनेमा बगितला?" तिनं विचारलं, आणि शेवटपर्यंत ती फुरंगटून बसली.

सगुणा पाळण्याशी आली. हात लुगड्याला पुसले. सिनेमाच्या कंपनीनं एकेकाळी तिचं स्वतःचं नाव काढून घेऊन दुसरं झगमगीत नाव दिलं होतं. मुंबईत तिला सगुणा म्हणून कुणी ओळखतही नव्हतं. ती पाळण्यावर वाकली आणि पोरीच्या कानात तिनं आपल्या आईचं नाव सांगितलं, अनुसूया.

रिवाजाप्रमाणे पहिला बुक्का कुणी घालायचा, म्हणून बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. या बाईच्या पाठीवर हात ठेवायची कुणाला सवय नव्हती.

गोदूबाईनं पदर खोचला आणि नणंदेच्या पाठीत असा सणसणीत बुक्का घातला की सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं का वन्सं?"

"व्हय," सगुणा रडत रडत हसली. "आनिक एक घाल."