सासऱ्याला त्रैक्य समजावताना

धाराशिवच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात शरणबसप्पा पाळकांनी माझ्या डोक्यावर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी घातलं, तेव्हा मी डोळे मिटून रडलो. ते रडणं खरं होतं, एवढं आधीच सांगून ठेवतो. कारण डोकं वाळायच्या आत मला वाटायला लागलं होतं की आपल्याला सगळं समजलं. तेरला चालत येताना वाटेत भेटेल त्याला मी थांबवत होतो. एका गुराख्यालाही उपदेश केला. तो बिचारा गुरं सोडून जाऊ शकत नव्हता, म्हणून त्यानं ऐकून घेतला.

घरी आलो तेव्हा माझी बायको मथुरा अंगणात वाख विंचरत बसली होती. आमचा धंदा दोर वळायचा. केकताडाची पानं नदीत भिजत घालायची, बडवायची, त्यातून पांढरा वाख निघाला की तीन पेड घालून कासरे, दावी, मोटेचे नाडे वळायचे. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मथुरा, म्या ख्रिस्ती झालो."

"व्हय?" म्हणाली. हातातला वाख खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता आपला देव कोन?"

"येकच. पिता, पुत्र आनि पवित्र आत्मा."

तिनं बोटं मिटली. "हे तीन झालं."

"तीन न्हाईत गं. येक."

"बरं, परत सांगा."

मी परत सांगितलं. परत तीनच झाले. तिला समजत नाही याचा मला इतका आनंद झाला की विचारू नका. समजावून सांगायला हक्काचं माणूस मिळालं! चुलीपाशी समजावलं, नदीवर समजावलं, ती डोक्यावर भारा घेऊन चालली असताना शेजारून चालत समजावलं. आठवडाभर मी तिला इतकं समजावलं की ती माहेरी निघून गेली.

तिचं माहेर ढोकीला. सासरे बलभीम तिथल्या मांगवाड्यातले पंच, आणि मोजून बोलणारे गृहस्थ. त्यांचा निरोप आला, "जावईबापूंना सवताचा देव मोजता येत न्हाय. येक म्हनत्यात आनि तीन नावं घेत्यात. असल्या घरात माजी लेक कशी नांदावी? दसऱ्याच्या आधी जात बसनार हाय. तवर समजंल असं सांगावं, न्हायतर पंचांपुढं काडी मोडावी."

जात बसते म्हणजे पंचायत भरते. तिथं पंचांपुढं गवताची काडी मोडली की लग्न मोडलं. मग बाई दुसरीकडं पाट लावायला मोकळी. निरोप ऐकून मी हसलो. म्हटलं, समजावणंच ना, त्यात काय मोठंसं! जणू निजामाच्या सबंध मोगलाईत या कामाला मीच तेवढा नेमलेला होतो.

पण दोर वळायला बसलो आणि हसू गेलं. या कामाला दोन टोकांना दोन माणसं लागतात. आमच्या लग्नापासून दुसरं टोक मथुराच्या हातात असायचं. आता ते मी कडुनिंबाला बांधलं. झाड टोक घट्ट धरतं, पण ओढ कधी घ्यायची आणि ढील कधी द्यायची, हे त्याला कोण सांगणार? मी पीळ भरायचो, तो मधेच कुठंतरी गाठाळून बसायचा. शेजारचा महेबूब गाडीवान माझ्याकडूनच कासरे न्यायचा. त्यानं नवा कासरा हातात घेतला, वरखाली बघितला आणि एवढंच विचारलं, "भाभी कब आयेगी रे?" मी त्याच्यापुढंच तोंड फिरवलं. मला तिची आठवण यायची. लई यायची.

तेव्हा मी तयारीला लागलो. प्रार्थनाघरातल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की पाणी, बर्फ आणि वाफ ही एकाच वस्तूची तीन रूपं, तसाच देव. वा! ढोकीच्या बाजारादिवशी मी सासऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, "मामा, बर्फ म्हंजी दगडावानी झालेलं पानी."

"दगडावानी पानी? तुमी पाह्यलंय?"

"म्या न्हाय पाह्यलं. हैदराबादेला असतंय."

"मग हैदराबादेवाल्यांनी मानावा तो देव," सासरे म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. दाराआड बांगड्या वाजल्या. मथुरा हसत होती की रडत होती, कळलं नाही.

परत आल्यावर ठरवलं की माणसांनी पाहिलेलं उदाहरण घ्यायचं. सरकार! सरकार कुणी पाहिलं नाही? आधी महेबूबवर प्रयोग केला. म्हटलं, "हे बघ, निजाम सरकार हैदराबादेत. ते दिसत न्हाय, तो पिता. तालुक्याला तहसीलदार, तो दौऱ्यावर आपल्यात येतो, तो पुत्र. आनि गावात हुकूम पोचवनारा चपराशी, तो आत्मा. तिघं मिळून सरकार येकच."

महेबूब बैलाच्या शिंगांना तेल चोळत होता. तो म्हणाला, "हौ, ठीक है. पन तहसीलदाराची बदली व्हतीया. तुमच्या पुत्राची व्हतीया का?"

मी तेलाची वाटी उचलून त्याच्या हाताशी सरकवली.

"आनि चपराशाला चहाला दिल्याबिगर तो हुकूम सांगत न्हाय," तो म्हणाला. "कोंडीराम, बुरा मत मान. आमचं सोपं हाय, अल्ला येक. तुझं अवघड हाय तर अवघड म्हन ना. सोपं करायला जातो आनि फसतो."

त्याचं ऐकतो तर कोंडीराम कसला! पुढच्या बाजाराला मी पुन्हा ढोकीला. या वेळी सासूबाई सीताबाईंना माझी दया आली असावी. भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "अवं, येवढं डोकं कशाला शिनवायचं? तीन तोंडं आनि येकच अंग. आपला दत्त न्हाय का? तसंच आसंल की."

बुडत्या माणसासारखा मी तो दत्त पकडला. "व्हय व्हय! तसंच! मामी, तुमाला बरुबर समजलं!"

सासऱ्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं दत्ताची तसबीर होती, हार घातलेली, उदबत्तीच्या धुरानं काळवंडलेली. "ही माझ्या बापानं लावलीय," ते म्हणाले. "तसंच हाय, तर जावईबापू, तुमी धाराशिवपतुर पाय तोडत कशाला गेलता? हितंच डोकं भिजवलं असतं."

सगळी ओसरी हसली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी ताटावरून उठलो आणि न जेवता तेरची वाट धरली. मला माझाच राग आला होता. बाकी सगळ्यांचाही आला होता, पण माझा जरा जास्त.

महिनाअखेरीला शरणबसप्पा पाळक सायकलवरून तेरला आले. मूळ बिदरकडचे. रागावले की कानडीत पुटपुटायचे आणि शांत झाले की पुस्तकी मराठीत बोलायचे. मी त्यांना बर्फ सांगितला, सरकार सांगितलं, दत्त सांगितला. दत्ताला ते कानडीत गेले.

"कोंडीराम," पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पिता कधी पुत्र होऊन जात नाही, पाण्याचा बर्फ होतो तसा. ते पहिलं पाखंड. पुत्र पित्याचा नोकर नाही. ते दुसरं. या एकेका चुकीवरून जुन्या काळी मोठमोठे विद्वान ख्रिस्ती मंडळीतून बाहेर काढले गेले. तुम्ही दोन्ही केल्या, आणि तिसरीला तर मला नावही सापडत नाही."

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोठमोठ्या विद्वानांच्या चुका मी घरबसल्या केल्या होत्या!

"साहेब, पन मग सांगू काय? दसरा जवळ आला. बायको जातीय माझी."

पाळकांनी सायकलचं चाक एकदा हातानं फिरवलं. मग म्हणाले, "माझी आई बिदरला असते. मी बाप्तिस्मा घेतल्यावर तिनं मला घरात घेतलं नाही, अजून घेत नाही. मीही तिला पहिल्यांदा बर्फच सांगितला होता." चष्मा काढून त्यांनी धोतराला पुसला. "तिघं तीन आहेत आणि देव एक आहे. कसं, ते मला पूर्ण कळलेलं नाही. पण एक कळलं आहे. जग नव्हतं तेव्हाही देव एकटा नव्हता. पित्याची पुत्रावर प्रीती होती, पुत्राची पित्यावर, आणि आत्मा त्या दोघांचा. एकाच्या मनात आहे आणि दुसऱ्याला पत्ता नाही, असं त्यांच्यात होत नाही. तिथून सुरुवात करा."

ते गेले आणि मी कडुनिंबाखाली उडी मारली. दोर! एका टोकाला पिता, एका टोकाला पुत्र, आणि दोघांमधून धावतो तो पीळ म्हणजे पवित्र आत्मा. जन्मभर हातात धरलेली वस्तू आणि मी बर्फ शोधत हिंडत होतो. यातही काही पाखंड असेल का, अशी शंका आली. पण पाळक येडशीच्या पुढं गेले असतील, असं म्हणून मी ती सोडून दिली.

जात बसली ती ढोकीच्या मारुतीपासून लांब, आमच्या लोकांच्या चिंचेखाली. पंच घोंगडीवर, बाया मागं. समोर पितळी ताटलीत गवताची एक वाळकी काडी ठेवलेली. मथुरा बायांमध्ये बसली होती. वाळली होती. लुगडं तेच होतं, मी तेरच्या जत्रेत घेतलेलं.

"सांगा जावईबापू," सासरे म्हणाले.

मी बरोबर आणलेला दोर सोडला. एक टोक एका पंचाच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं आणि पीळ भरू लागलो. बसलेले सगळे दोर वळणारेच. सगळ्यांचे डोळे हातांवर आले. मी सांगत गेलो. दोन टोकं आहेत, मधला पीळ आहे, तिन्ही असले तरच दोर, आणि दोर एकच. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. एक म्हातारे पंच "हां, हे जरा कळतंय" असं म्हणाले. खुद्द सासऱ्यांची मान हलली.

मान हलली आणि मी फुगलो. आवाज चढला, हात वर गेला. "आनि मंडळी, या तिघांत कदी दुजाभाव न्हाय! पित्यानं पुत्राला टाकून काय केलं न्हाय, पुत्रानं पित्याला टाकून काय केलं न्हाय. येकमेकांना पुसल्याबिगर त्यांच्यात पानबी हलत न्हाय. आसा माझा देव हाय!"

बायांमधून मथुरा उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. "पंचांनी परवानगी दिली तर येक विचारती."

सासऱ्यांनी विचार म्हणून खूण केली.

"तुमच्या देवात येकमेकांना पुसल्याबिगर कुनी काय करीत न्हाय," ती मला म्हणाली. "मग तुमी धाराशिवला जाऊन पानी घेऊन आला, मला पुसलं व्हतं का?"

दोराचं टोक माझ्या हातातून सुटलं. बर्फ गेला, सरकार गेलं, दोर पायाशी वेटोळं होऊन पडला.

"न्हाय," मी म्हणालो. "न्हाय पुसलं."

"आल्यावर सांगितलं. मग आठवडाभर सांगतच व्हता. पुसलं न्हाय."

मला तेव्हा कुठं दिसलं की ती चिडून गेली नव्हती, एकटी पडून गेली होती. माझ्याच घरात, माझ्याच शेजारी. मला रडू आलं, आणि हे रडणंही खरंच होतं, पण या वेळी त्यात शेखी नव्हती.

मी म्हणालो, "मथुरा, घरी येतीस का?"

"ते मागनं. आदी ते पुसा."

"काय?"

"पान्याचं."

म्हातारे पंच खाकरले. कुणीतरी मागं हसलं, त्याला बाजूच्यानं दाबलं. डोक्यावरून पाणी जाऊन दोनेक महिने झालेला मी बाप्या माणूस, सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिलो आणि बायकोला विचारलं, "मथुरा, म्या येशूचं पानी घेऊ का?"

तिनं वेळ घेतला. चांगलाच घेतला. ती नाही म्हणाली तर काय, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा पडला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमाला त्यात गोडी हाय, ती म्या बघितलीया. पन मला आत्ता घ्या म्हनू नका. ते येक का तीन, मला काय समजलं न्हाय."

"मलाबी न्हाय गं," मी म्हणालो.

"मग तसं म्हना की," ती म्हणाली, आणि बोचकं आणायला बापाच्या घरात गेली.